पास्त्याचं हातमशीन: सोलापूरच्या घरात नोन्नाचा नाताळ कितपत जमतो?

इटलीच्या एमिल्या-रोमान्या भागात, म्हणजे बोलोन्या, मोदेना, पार्मा या पट्ट्यात, नाताळची तयारी सुरू होते ती आजीच्या लाकडी पाटावर. आजीला तिकडे नोन्ना म्हणतात. पाटावर मैद्याचा ढीग, मधल्या खळग्यात अंडी, हातभराहून लांब लाटणं आणि टेबलाभोवती बसलेल्या तीन पिढ्या. पोरांकडे तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरून मिटलेले पास्त्याचे छोटे तुकडे, मोजायचं आणि ओळीत मांडायचं काम. पलंगावर पांढरं कापड अंथरून त्यावर ते वाळत घातलेले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात खाटेवर धोतर पसरून शेवया टाकायच्या, कुरडया घालायच्या आणि पोरांना राखणीला बसवायचं, त्याचंच हे थंडीतलं भावंड.

तो नाताळ सोलापुरात मांडायचा तर लांब लाटण्याचा हात आपल्याला नाही. आपला हात पोळीचा. अंड्याचं घट्ट पीठ मिलिमीटरभर जाडीची सलग चादर होईपर्यंत लाटायला वर्षांची सवय लागते. बोलोन्यात हे काम करणाऱ्या बाईला ‘स्फोल्यिना’ असं वेगळं नावच आहे. तिथे हातमशीन कामाला येतं. हे परीक्षण इटालियन बनावटीच्या मार्कातो ‘आटलास १५०’ या मशीनचं आहे, आणि ते नाताळच्या टेबलापुरतंच आहे. रोजचा पास्ता खायचा असेल तर पाकीट आणणं सोपं.

मशीनची रचना साधी आहे. पोलादी अंग, आत दोन गुळगुळीत रूळ, बाजूला खटका, हँडल, टेबलाला आवळायचा शिकंजा आणि वरून बसवायचं कापणीचं डोकं. नावातला १५० हा आकडा रुळांच्या रुंदीचा, म्हणजे १५ सेंटिमीटर. हाती येणारी पट्टी १३-१४ सेंटिमीटरची मिळते. खटक्यावर ० ते ९ असे दहा नंबर आहेत. ० वर रुळांमधली फट सुमारे ४.८ मिलिमीटर, ७ वर साधारण १, आणि ९ वर ०.६. कापणीच्या डोक्यात दोन खण: एक ६ मिलिमीटरच्या पट्ट्यांचा, दुसरा दीड मिलिमीटरच्या बारीक शेवयांसारख्या तारांचा.

आपल्याकडच्या शेवयाच्या मशीनशी याची गल्लत करू नका. हँडल आणि शिकंजा दोन्हींना असतो म्हणून बरेच जण तसंच सैल पीठ यात घालतात. शेवयाचं मशीन पीठ दाबून भोकातून बाहेर काढतं, त्याला मऊ, ताणलं जाणारं पीठ लागतं. हे मशीन पीठ दाबून चपटं करतं. त्याला पुरीपेक्षाही घट्ट पीठ लागतं, इतकं की पहिल्यांदा मळणाऱ्याला वाटतं, हे कधी एकत्र येणारच नाही. सैल पीठ रुळांना चिकटतं, खालच्या पात्यांवर जमतं आणि दीड मिलिमीटरच्या दातांत असं अडकतं की त्या दिवसापुरतं काम थांबतं.

पहिली अडचण पिठाआधीच येते: मशीन बसवायचं कुठे? शिकंजा सरळ, कडा मोकळी असलेल्या फळीसाठी बनवलेला आहे. आपल्या ओट्याला ग्रॅनाइटची दुहेरी पट्टी असते, खाली ट्रॉलीचं दार असतं, जुन्या घरात शहाबादी फरशीचा जाड काठ असतो. शिकंज्याचा खालचा स्क्रू आत जातच नाही, गेला तरी टोकावर टेकतो आणि चार फेऱ्यांत मशीन डुलायला लागतं. जेवणाचं लाकडी टेबल सगळ्यात चांगलं. काचेच्या टेबलाला कधीही लावू नका. टेबल नसेल तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, मीटरभर लांब फळी घ्या, तिच्या एका टोकाला मशीन आवळा आणि ते टोक ओट्याच्या बाहेर काढून दुसऱ्या टोकावर पाट्याचा दगड किंवा भरलेला डबा ठेवा. स्क्रूखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा घातला की फळीला खड्डा पडत नाही.

आता पीठ. इटालियन घरातला हिशोब सोपा आहे, १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. सोलापुरात तो तसाच उचलला की पीठ भुरभुरतं आणि दोष मशीनला जातो. कारण अंड्यात आहे. तिकडचं मोठं अंडं टरफलासकट ६३ ग्रॅमच्या वर असतं; आपल्या दुकानातलं ५०-५५ ग्रॅमचं, टरफल काढून ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणून अंडी मोजू नका, तोला. १०० ग्रॅम मैद्याला ५५ ते ५७ ग्रॅम फेटलेलं अंडं. ४०० ग्रॅम मैद्याला सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे दुकानातली पाच अंडी. गावरान घेतलीत तर सहा-सात लागतील, पण बलकाचा रंग गडद असल्यामुळे चादर तिकडच्यासारखी सोनेरी होते, आणि नाताळला तेवढं करावंच. रंगासाठी हळद घालायचा मोह टाळा. रश्शात पहिली चव तिचीच लागते.

इटालियन पाकिटावरच्या ‘००’ या आकड्याचा बाऊ नको. तो दळण किती पांढरं, किती कमी राखेचं आहे याचा दर्जा आहे. आपला ताजा, चांगला मैदा त्या कामाला पुरतो. मंगळवार पेठेतून सुटा मैदा आणलात तर एकदा चाळा. गुठळी रुळांतून गेली की चादरीला तिथेच भोक पडतं.

मळायला दहा मिनिटं, मग झाकून अर्धा तास विसावा. तो टाळला तर चादर लाटल्यावर रबरासारखी आखडते. झाकण्यासाठी घरात सोलापुरी टॉवेल हाताशी असतोच, पण पिठाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका, त्याचे तंतू ओल्या पिठात बसतात आणि निघत नाहीत. पिठावर वाटी पालथी घाला, हवा तर वर ओला टॉवेल टाका. चादरी पसरायला मात्र धुवट धोतर किंवा मलमलीचं सपाट विणीचं कापड हवं.

लाटताना लिंबाएवढा नव्हे, संत्र्याएवढा गोळा घ्या, तळव्याने चपटा करा आणि ० नंबरवरून काढा. पहिली पट्टी फाटकी, खडबडीत निघते, घाबरू नका. तिची तिहेरी घडी घाला आणि मोकळ्या कडेकडून पुन्हा ० वर. असं पाच-सहा वेळा. खरं मळणं इथे होतं आणि मशीनची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे, घट्ट पीठ ते इथे रेशमासारखं करून देतं. कडा सरळ झाल्या, पृष्ठभाग गुळगुळीत झाला की मग १, २, ३ असं एकेकदा. नंबर गाळला तर चादर सुरकुतते किंवा मध्ये फाटते. दोन फेऱ्यांच्या मध्ये चिकटतंय असं वाटलं तरच मैदा भुरभुरवा, आणि हाताने झटकून टाका. जास्तीचा मैदा रश्शात उतरून तो गढूळ करतो.

या कामाला तीन माणसं लागतात. एक पट्टी वरून सोडणारा, एक हँडल फिरवणारा, एक खालून तळव्यांवर झेलणारा. एकट्याने करता येतं, पण ५ नंबरच्या पुढे पट्टी मीटरभर होते आणि स्वतःवरच चिकटते. हँडल मुलांच्या हाती द्या. त्यांना फक्त एवढंच सांगा की एका लयीत, न थांबता फिरवायचं. मध्ये थांबलं की चादरीवर आडवी रेघ उमटते. आजीच्या टेबलावर मुलांना जागा मिळायची ती अशाच एखाद्या सोप्या, पण खोळंबा करू शकणाऱ्या कामामुळे, आणि या मशीनमधला आनंदाचा भाग मला तोच वाटतो.

डिसेंबरात सोलापूरची हवा कोरडी असते. दुपारी पंखा चालू असेल तर चादर आठ-दहा मिनिटांत कडांना कडक होते आणि मोडताना तडकते. तिकडच्या कृतीत ‘अर्धा तास वाळू द्या’ असं लिहिलेलं असतं, ते इथे विसरा. पंखा बंद, खिडकी लोटलेली, आणि एका वेळी एकच चादर. ती कापा, भरा, मिटा, मगच पुढचा गोळा.

भरायचं काय? बोलोन्याच्या तोर्तेलिनीची कृती तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ७ डिसेंबर १९७४ रोजी नोंदवलेली आहे. डुकराच्या पाठीचं मांस, कच्चं मुरवलेलं हॅम, मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज), पार्मिजानो चीज, अंडं आणि जायफळ. ते नाताळच्या दुपारी खस्सी कोंबड्याच्या रश्शात वाढतात. सोलापुरात यातल्या निम्म्या वस्तू बाहेरून मागवाव्या लागतात, आणि मोर्तादेल्लाच्या जागी कुठलंही सॉसेज घातलं तर मसाल्याची चव वरचढ होते. पहिल्या वर्षी हा मार्ग धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा २४ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण करा. कॅथलिक रिवाजात त्या रात्री मांस नसतं. एमिल्यात तेव्हा ‘तोर्तेल्ली दी विजिल्या’ किंवा तोर्तेलोनी, म्हणजे तोर्तेलिनीची मोठी भावंडं करतात. सारणात रिकोट्टा, पार्मिजानो, थोडी पार्स्ली नाहीतर पालक, जायफळ. आपल्या घरांना हे सहज जमण्यासारखं आहे. रिकोट्टा मुळात चीज काढल्यावर उरणाऱ्या निवळीपासून करतात. घरी तीन लिटर गायीच्या दुधाचा छेना केला तर पाचशे ग्रॅमच्या आसपास पडतो आणि तो जवळचा पर्याय आहे. म्हशीच्या दुधाचा छेना रवाळ, रबरी होतो, तो चालत नाही. छेना चार तास टांगून ठेवा, पालक उकडून मुठीत घट्ट पिळा, मग मोजून १०० ग्रॅम घ्या, बारीक चिरा. १५० ग्रॅम किसलेलं जुनं चीज, पाव जायफळ, मीठ. सारण ताटलीत ठेवून ताटली तिरकी करा: पाणी सुटलं तर पुन्हा टांगा. उकळत्या पाण्यात फुटणाऱ्या तोर्तेलोनींतले बहुतेक या पाण्यानेच फुटतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने, बनतं. बाटलीवर किंवा पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं, सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरलेलं कडक चीज घ्या. आणि अंड्याची चादर आधी सांगूनच वाढा.

तोर्तेलोनीला ७ नंबरची चादर बरोबर. ८ वर ती इतकी पातळ होते की छेन्याची ओल झिरपते. ६ वर मिटलेल्या टोकाला दुहेरी थर कच्चा राहतो. रुंदीत सात सेंटिमीटरचे दोन चौकोन बसवा म्हणजे कडा वाया जात नाही. मध्ये आठ ग्रॅम सारण, सपाट चमचाभर. तिरकी घडी, हवा बाहेर दाबून कडा बंद, मग तर्जनीभोवती दोन टोकं आणून चिमटा. चादर ताजी असेल तर पाणी लावावं लागत नाही. लावलंच तर बोटाचा ओला टिपका, नुसता. जास्त पाण्याने कडा घसरते. ४०० ग्रॅम मैद्यात ऐंशी ते नव्वद होतात, आठ माणसांना पुरतात, तिघांना दोन तास लागतात. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, उसळती उकळी नको, चार ते पाच मिनिटं. वर लोणी आणि मिरपूड. तिकडे लोण्यात सेज या सुगंधी वनस्पतीची पानं तळतात. ती मिळाली नाहीत तर जागा रिकामी ठेवा, कढीपत्त्याने हे पदार्थ दुसरीकडेच जातात.

आदल्या दिवशी करून ठेवायचं तर रवा भुरभुरलेल्या ताटात, एकमेकांना न लागता, थेट फ्रीजरमध्ये. कडक झाले की पिशवीत. पाण्यात घालताना वितळवू नका. पलंगावर रात्रभर वाळवण्याची ती पद्धत तिथल्या गार खोल्यांची आहे; कच्चं अंडं आणि छेना आपल्या हवेत उघडा ठेवू नये.

तालियातेल्लेच्या, म्हणजे लांब सपाट पट्ट्यांच्या पास्त्याच्या, बाबतीत मशीन कमी पडतं. बोलोन्याने १६ एप्रिल १९७२ रोजी त्याची रुंदीही नोंदवून ठेवली आहे, शिजल्यावर ८ मिलिमीटर. शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असा हिशोब आहे. मशीनची पट्टी कच्ची असताना ६ मिलिमीटरची, शिजल्यावरही अरुंदच राहते. शिवाय धातूच्या रुळांतून निघालेली चादर गुळगुळीत असते, लाकडाचा खरखरीतपणा तिला नसतो, त्यामुळे सॉस घसरतो. उपाय आहे: ६ नंबरची चादर दहा मिनिटं सुकवा, सैल गुंडाळी करा आणि सुरीने ७ मिलिमीटरचे काप काढा. कापणीचं डोकं मग डब्यातच राहतं.

अंडं न खाणाऱ्या घरासाठी या मशीनमधून निघणारा सगळ्यात सुंदर पदार्थ वेगळा आहे, दक्षिणेकडच्या पुल्याचा. ‘कार्तेल्लाते’, म्हणजे पिठाच्या पट्टीची गुलाबासारखी चक्री, तळून मधात किंवा ‘विनकोत्तो’त बुडवलेली. विनकोत्तो द्राक्षांच्या किंवा अंजिरांच्या रसाचा आटवलेला काळसर पाक. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात त्याच्या जागी काकवी घ्या. रंग, दाटपणा आणि तळाशी लागणारा किंचित कडवटपणा, तिन्ही जुळतात. ५०० ग्रॅम मैदा, १०० मिलिलिटर तेल, चिमूट मीठ आणि मावेल तसं कोमट द्रव. तिकडे पांढरी वाइन घालतात, तिच्या ऐवजी दोन चमचे व्हिनेगर घातलेलं पाणी. १५० मिलिलिटरपासून सुरू करा, पीठ शंकरपाळ्याच्या पिठाहून थोडं मऊ ठेवा. तासभर विसावा. चादर ६ नंबरवर.

करंजीचं कातणं इथे हवंच. साडेतीन सेंटिमीटर रुंद, पंचवीस सेंटिमीटर लांब पट्ट्या, दोन्ही कडा नागमोडी. पट्टी उभी दुमडा, दर तीन सेंटिमीटरवर चिमटा घ्या म्हणजे वाट्या वाट्या होतील, मग हळू गुंडाळत चक्री करा आणि थर जिथे भेटतात तिथे दाबा. पुल्यात या रात्रभर वाळवतात. सोलापुरात चार तास पुरे. हे वाळवणं टाळलं तर कढईत चक्री उलगडते, आणि एकदा उलगडली की सावरता येत नाही. तेल मध्यम, १७० अंशांच्या आसपास. पिठाचा तुकडा बुडून दोन-तीन सेकंदांनी वर यावा. तोंडाकडची बाजू खाली घालून आधी तळा. पूर्ण गार झाल्यावर उकळत्या काकवीत अर्धा मिनिट, मग जाळीवर उपड्या. गरम चक्री पाकात टाकली तर मऊ पडते. डब्यात आठवडाभर टिकतात.

खपली गव्हाबद्दल हौशी माणसं हमखास विचारतात, कारण इटलीतला ‘फार्रो’ आणि आपली हुग्गीची (गव्हाच्या खिरीची) खपली जातीने एकच. चव उत्तम, पण तिचं पीठ ताणलं जात नाही, ५ नंबरच्या पुढे चादर विरते. तीस टक्के खपली, बाकी मैदा, आणि ६ वर थांबा. बन्सी गव्हाचा रवा गिरणीत पुन्हा बारीक दळून घेतला तर १०० ग्रॅमला ५० ग्रॅम पाणी घालून बिनअंड्याची चादर होते. जाड रवा तसाच वापरला तर कडा फाटत राहतात.

पाणी रोज न येणाऱ्या शहरात या मशीनची एक सोय आहे: ते धुवायचंच नसतं. पाणी आत गेलं की दातेरी चाकं गंजतात आणि पुढच्या वेळी चादरीवर करडे पट्टे येतात. काम झाल्यावर तासभर तसंच सोडा, चिकटलेलं पीठ वाळतं, कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि बांबूच्या काडीने झाडा. सुरी किंवा सुई आत घालू नका. हँडल जड झालं तर रुळांच्या दोन्ही टोकांना खाण्यायोग्य पांढऱ्या खनिज तेलाचे दोन-दोन थेंब. शिवणयंत्राचं तेल इथल्या घराघरात असतं, पण ते अन्नाजवळ जाऊ देऊ नका. पहिल्यांदा वापरताना टाकाऊ पिठाचा गोळा सगळ्या नंबरांतून आणि दोन्ही खणांतून फिरवून फेकून द्या, कारखान्याचं तेल त्यात निघतं.

दिसायला हुबेहूब अशी स्वस्त मशीनही मिळतात. घेण्याआधी एक तपासणी करा. खटका शेवटच्या नंबरवर लावा, लग्नपत्रिकेचा जाड कागद दुहेरी करून रुळांच्या डाव्या टोकाला सरकवा, मग उजव्या. दोन्हीकडे सारखाच अडला पाहिजे. एकीकडे सैल, एकीकडे घट्ट असेल तर रूळ समांतर नाहीत. चादर केळीच्या पानासारखी एका बाजूला वळत जाईल आणि कितीही पीठ सुधारलं तरी सुधारणार नाही. दुसरं, खटका बाहेर ओढून फिरवताना प्रत्येक नंबरवर ‘टक’ असा बसला पाहिजे. आटलासमध्ये या दोन्ही गोष्टी चोख आहेत आणि जास्तीचे पैसे त्याचेच.

घरात दरवर्षी निदान आठ-दहा माणसं नाताळला जमत असतील, किंवा करंजी, चिरोटे, शंकरपाळे मोठ्या प्रमाणात होत असतील, तर घ्या. दिवाळीतही ते चिरोट्याच्या पोळ्यांना उत्तम चालतं. दोन माणसांच्या घराने पोळपाट-लाटण्यावर छोट्या चादरी लाटाव्यात. जाडी थोडी वर-खाली होईल, पण लाकडाचा खरखरीतपणा मिळेल.

कापताना उरलेल्या वेड्यावाकड्या कडा फेकू नका. त्यांना तिकडे ‘मालतालियाती’ म्हणतात, वाईट कापलेले. कापडावर पसरून पूर्ण कोरड्या करा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि २६ डिसेंबरला, सांतो स्तेफानोच्या दिवशी, उकडलेल्या राजम्याच्या पातळ रश्शात तीन मिनिटं शिजवा.